महालात आवाज नाही

आमच्या बाळापुरात नाटकांचे कपडे भाड्यानं देणारा एक शिंपी होता. मशीनवरून मान वर न करता तो मला जुन्या नाटकांतली कोडी घालायचा.

"शत्रू चालून आला, तरी राजा सिंहासनावरून उठंना. काहून?"

आपण विचारत राहायचं, तो फक्त "व्हय" किंवा "न्हाई" म्हणणार. भीती, शाप, प्रतिज्ञा, सगळं विचारून मी थकलो. शेवटी कळलं, राजाचं धोतर मागून फाटलं होतं. असा राग यायचा! पण खेळात तो कधी खोटं बोलला नाही.

दुष्काळ सरला त्या वर्षी माझी बायको बाळंतपणात अडली. सुईण म्हणजे या शिंप्याचीच आई. तिनं मला सुंठ आणायला बाजारात पिटाळलं. परत आलो, तर सकाळपासून कण्हणारं घर चिडीचूप. ओट्यावर शिंपी एकटाच बसलेला.

"राणी आरडून राहिली होती," तो म्हणाला. "आता महालात आवाज न्हाई. काहून?"

वाटलं, सुंठीची पुडी त्याच्या तोंडावर मारावी. पण सरळ विचारायची हिंमत कुठून आणू?

"राणी गेली?"

"न्हाई."

"लेकरू... हाय?"

"व्हय."

मी मटकन खाली बसलो. "मग रडत काहून न्हाई?"

पहिल्यांदाच त्यानं स्वतःचा नियम मोडला.

"माझी माय मध चाटवून राहिली त्याला. भरल्या तोंडानं कसं रडंल?"