पांढऱ्या रुमालावरची काजळी

संशय हा दुर्गुण मानला जातो, आणि बहुधा तो असतोही. कारण दुसऱ्याचा दोष सापडला की संशयी माणूस तृप्त होतो. परंतु जो त्याही पुढे जाऊन आपल्या संशयाकडे तितक्याच साशंक दृष्टीने पाहतो, त्याच्या ठायी तो तपासारखा शुद्ध होतो. परळच्या बुधाजींचा संशय त्या जातीचा होता.

बस आगाराच्या कार्यशाळेत त्यांची एकतीस वर्षे इंजिने उघडण्यात गेली. निवृत्तीनंतरही चाळीतले कोणी जुनी गाडी घ्यायला निघाले की त्यांना सोबत नेत. बॉनेट ते शेवटी उघडत. आधी धुतलेला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरत आणि त्यावर जे उमटेल ते पोथी वाचावी तसे वाचत.

त्यांची पुतणी संघमित्रा नोकरी सोडून परळच्या रुग्णालयांत रुग्णांच्या नातेवाइकांना डबे पोहोचवणार होती. डबा एकदा चुकला तर गिऱ्हाईक तुटणार. म्हणून रस्त्यात बंद न पडणारी गाडी तिला हवी होती. गिरगावातल्या एका वाडीत मनमोहन नावाच्या वृद्ध वकिलांना आपली गाडी विकायची होती. एका सकाळी काका-पुतणी तेथे गेली.

इंजिन सुरू होताच रुमालावर काळे थेंब उडाले.

“थंड नळीत वाफेचं पाणी होतं हो, तेच आहे,” मनमोहन म्हणाले.

“असेल.” बुधाजींनी नळीच्या आतून बोट फिरवले. काजळी जवळजवळ नव्हतीच. “बारा वर्षांची गाडी, आणि नळी अशी लख्ख? कोणी पुसली, साहेब?”

मनमोहन गोरेमोरे झाले. “माझ्यावर विश्वास नाही का?”

“माझा माझ्यावरही नाही. इंजिन तेल जाळत असलं की काजळी तेलकट होते, ती लपवायला लोक नळी पुसतात. चल गं, संघमित्रा.”

“काका, ही सातवी गाडी! तुम्हाला मळकी चालत नाही, चकचकीत तर त्याहून नाही. माझ्यासाठी मुलगा बघाल तेव्हा तरी रुमाल घरी ठेवा.”

बुधाजी हसले नाहीत. वळताना त्यांची दृष्टी गाडीमागच्या भिंतीवर स्थिरावली. चुना ताजा होता. पण नेमक्या नळीच्या उंचीवर जुने काळे ठिपके त्याखालून डोकावत होते. शेजारच्या खिळ्याला एक काळे फडके लटकत होते.

वरच्या गॅलरीतून मनमोहनांच्या पत्नी सुनंदाबाई ओरडल्या, “अहो, सांगून टाका ना एकदाचं! दर गणपतीला वाडी चुना मारते, आणि आठवड्यात यांच्या गाडीपायी भिंतीला देवी येतात. बायका मला बोलतात. म्हणून हे वकीलसाहेब रोज उकिडवे बसून नळी पुसतात, आणि कोणी विचारलं की लाजतात!”

बुधाजी थांबले. हा खुलासाही त्यांनी सबंध गिळला नाही. फडके हुंगले: काजळी कोरडी, तेलाचा वास नाही. मग अर्धा तास इंजिन चालू ठेवायला लावले. आतून पाणी गळत असते तर थेंब थांबले नसते. नळी तापली तसे ते विरळ झाले आणि थांबले. दुसऱ्या रुमालावर फिकट राखाडी कडे तेवढे उमटले.

“चुकलो, साहेब,” ते मान लववून म्हणाले. “गाडी निरोगी आहे.” आणि तो रुमाल संघमित्राच्या हाती देत, “हा गाडीत ठेव. मी सांगितलं म्हणून विसंबू नकोस.”

बुधाजींना जाऊन दोन वर्षे झाली. गाडी अजून डबे नेते. तिच्या कप्प्यात तो रुमाल असतो, आणि दर सोमवारी संघमित्रा तो धुऊन सायलेन्सरशी धरते.