बटणावरचं लिंबू

लाव्याची पिल्लं मरायला लागली तेव्हा हिंदी मुलखातल्या आमच्या राइट टाउनच्या गल्लीत इतके पक्षितज्ज्ञ निपजले की विचारू नका. ज्यांनी कोंबडी कधी ताटाबाहेर पाहिली नव्हती, तेही मला जिन्यात अडवून कारणं सांगायचे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला काही कळत नाही याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

पिल्लं बाबांची. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आई गेल्यापासून घरात ते आणि मी. पुण्याच्या धाकट्या भावाने व्हिडिओ कॉलवरच निकाल लावून टाकला होता : तू दिवसभर कॉलेजात, बाबांना आता एकट्याने जमत नाही, त्यांना मी घेऊन जातो, घर विकून टाकू. "मार्चमध्ये येतो, मग ठरवू," असं तो म्हणे. त्याच्या भाषेत याचा अर्थ ठरवून झालंय असा होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑटो करून रिछाईकडच्या पोल्ट्रीत गेले आणि भोकं पाडलेल्या खोक्यात चिवचिवणारी पिल्लं घेऊन आले.

"बटेर? बाबा, हे काय?"

"बटेर काय म्हणून राहिली? लावा म्हण. मराठीत शब्द आहे." मग खोकं खाली ठेवून म्हणाले, "त्याला सांग, माझं तर मी पाहतोच, आणखी यांचंही पाहून राहिलो."

म्हणजे ही पिल्लं जगली तर बाबा इथे, आणि मेली तर पुण्यात नवव्या मजल्यावर. अक्रोडाएवढ्या जिवांवर एवढं ओझं टाकायला आमच्याच घरातली माणसं हवीत.

एक मात्र कबूल करायला हवं, बाबांनी व्यवस्था चोख केली. मागच्या लहान खोलीत टीव्हीचं जुनं खोकं, तळाशी गोणपाट, वर मांजरासाठी जाळी. पिल्लू पाण्यात पडून बुडू नये म्हणून पाण्याच्या बशीत कंचे, म्हणजे काचेच्या गोट्या. डिसेंबरच्या थंडीत ऊब नसेल तर ही पिल्लं टिकत नाहीत, म्हणून खोलीतला बल्ब त्यांनी लांब वायरने थेट खोक्यावर उतरवला होता. बटण जिथल्या तिथे, दाराबाहेर. बल्ब किती उंचीवर हवा हे त्यांनी मला सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग चहा पिताना आणखी एकदा सांगितलं. पेन्शनर माणसाला तोंड असतं आणि ऐकणारं कोणी नसतं, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

मग मरणं सुरू झालं. आज दोन, परवा तीन. अंगावर जखम नाही, दाणा पोटात, सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली आणि खालची मेलेली. अंघोळ करून बाबाच आधी त्या खोलीत जायचे आणि तिथूनच हाक मारायचे, "काहून मरून राहिले गं हे?"

जनावरांच्या डॉक्टरने पिल्लाकडे न पाहता सांगितलं, "इतनी मॉर्टॅलिटी तो होती है जी." एवढ्यासाठी त्याने पाच वर्षं शिक्षण घेतलं होतं. भावाचं मत व्हायरस. बातमी ऐकताना त्याचा चेहरा मॅच जिंकल्यासारखा व्हायचा. "सोडा ना आता ते. मी येतोच आहे."

आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. "नजर लागली, दुसरं काय! तुझे बाबा आल्यागेल्याला दाखवून राहिले ना. चलो, मी लिंबू-मिरची देते." दिली. मी लिंबू पोह्यांवर पिळलं आणि मिरच्या फोडणीत टाकल्या. पोहे छान झाले होते, असं काकूंना मुद्दाम सांगून आले.

मग एकदा परीक्षेच्या ड्युटीसाठी मला लवकर उठावं लागलं. उजाडायचं होतं. मी ओट्याशी चहा टाकत होते. बाबा बाथरूममधून बाहेर आले, अंगावर शाल, मागच्या खोलीपाशी थांबले, आत डोकावले.

"खोलीत कोणी नाही अन् दिवा जळून राहिला," ते पुटपुटले, आणि बटण बंद करून अंथरुणाकडे गेले.

आयुष्यभर ते हेच करत आलेत. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जातो. मी धावत जाऊन बटण लावलं. पिल्लं नुकतीच कोपऱ्याकडे सरकू लागली होती.

अंघोळ करून बाबा आले. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "बाबा, सकाळी दिवा तुम्ही बंद केला होता?"

"मी?" ते इतके दुखावले की मलाच चोरी केल्यासारखं झालं. "मी काहून बंद करीन? त्या दिव्यावरच तर जगून राहिले ते."

ते खोटं बोलत नव्हते. रोज अंधारात बटण बंद करायचे, उजाडल्यावर खोलीत शिरताना लावायचे, आणि मधलं काहीच त्यांच्यापाशी उरत नव्हतं. चहा झाल्यावर "चहा घेतलास का" असं विचारायचे, तेही मी हसण्यावारी नेलं होतं. मला भीती वाटली, आणि ती भीती पिल्लांसाठी नव्हती.

मी खाली गेले आणि काकूंकडे लिंबू-मिरची मागितली. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तो चेहरा सहन करण्यापेक्षा मी शंभर पेपर फुकट तपासले असते. "अच्छा! आता पटलं का?" त्या म्हणाल्या. पटलं म्हणाले. वर येऊन ती माळ मी दाराला बांधली नाही. त्या बटणावरच बांधली, सुतळीचे इतके वेढे देऊन की बोट आत जाऊ नये.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"नजर लागू नये म्हणून."

"एवढी केमिस्ट्री शिकून? पागल झाली काय?" ते मनापासून हसले. भावाला ते फोनवरून कळलं, तोही हसला. "ताई, तूसुद्धा? काय मरत होती मग पिल्लं, नजरेने?"

"हो," मी म्हणाले. "नजरेनेच."

बाबांना दाखवायला डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. भावाला ते सांगितलेलं नाही.

त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही. काकू गल्लीभर माझं उदाहरण देत फिरतात आणि मी मान डोलावते. पहाटे मी जागीच असते. बाबा येतात, दाराशी थांबतात, हात बटणाकडे जातो, लिंबाला लागतो. ते हात मागे घेतात.

"असू दे," म्हणतात. "आत कोणीतरी आहे वाटते."