रिझवानभाईंचा वाल्व्हचा अॅम्प्लिफायर

नाशिकरोडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे रिझवानभाई लग्नाआधी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीत, उरुसात, ओझरच्या कामगार वसाहतीत त्यांचे कार्यक्रम व्हायचे. ऑर्केस्ट्राकडे वाल्व्हचा, म्हणजे दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, एक जुना अॅम्प्लिफायर होता. वाल्व्ह तापले की गिटारचा सूर भरदार लागे आणि तार जोरात छेडली की कडेला जरासा फाटे. त्या फाटण्यावर रिझवानभाईंचा जीव होता. पुढे की-बोर्ड आले, मंडळी पांगली, अॅम्प्लिफायर कुणा मंडपवाल्याने नेला. रोशनबी या घरात आल्या त्या त्यानंतर. नवऱ्याची गिटार त्यांनी पाहिली ती कपाटावर, चादरीत गुंडाळलेली.

दोन हजार एक साली रिझवानभाईंच्या डाव्या कानाने साथ सोडली. त्यांचे वडीलही पन्नाशीनंतर असेच बहिरे झाले होते, त्यामुळे उजवाही जाणार हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांना उमगलं होतं.

"पूर्ण जायच्या आत एकदा तो आवाज ऐकायचाय," ते रोशनबींना म्हणाले.

बंद पडलेल्या एका टॉकीजचं सामान भंगारात निघालं होतं. त्यातून दोन ट्रान्सफॉर्मर, वाल्व्ह आणि एक मोठा स्पीकर हाती लागला. पण जोडणीची त्यांनी घाई केली नाही. सगळे भाग ज्यावर बसवायचे त्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला एकदा भोक पडलं की पडलं. म्हणून त्यांनी पत्र्याच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि कितीतरी रविवार त्यावर सगळे भाग मांडले, मोडले, पुन्हा मांडले. घरात जेवायला जमिनीवर जागा उरली नाही. मुलगी निलोफर सासरहून आली की पुठ्ठ्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची.

"एवढं काय मांडायचं असतं त्यात?" रोशनबींनी एकदा विचारलं.

"गिटारचा आवाज आत येतो तेव्हा अगदी बारीक असतो. कुजबुजीसारखा. शेजारी हा लाइटीचा ट्रान्सफॉर्मर घुमत बसला तर तिचं कोण ऐकणार? म्हणून ती या टोकाला, हा त्या टोकाला."

"आणि हा दुसरा?"

"स्पीकरचा. तो याच्याशी आडवा बसवायचा, नाहीतर याचं घुमणं त्यात शिरतं. किती आडवा, ते ऐकून ठरवायचं."

ते ऐकायची वेळ आली तेव्हा अडलं. एका दुपारी त्यांनी एका ट्रान्सफॉर्मरला लाइट दिली, दुसऱ्याच्या तारांना हेडफोन जोडला आणि तो दुसरा ट्रान्सफॉर्मर पुठ्ठ्यावर हळूहळू फिरवला. त्यांना काहीच ऐकू येईना. कुठेही बसवा, सगळं सारखंच शांत. मग हेडफोन काढून त्यांनी रोशनबींपुढे धरला.

"घुमतंय का काही?"

"हो. लांबच्या पिठाच्या गिरणीसारखं."

त्यांनी ट्रान्सफॉर्मर थोडा वळवला. "आता?"

"वाढलं."

उलटा वळवला. रोशनबींनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. "थांबा. गेलं."

रिझवानभाईंनी पेन्सिलने त्याच्याभोवती रेघ मारली. पुढचे कितीतरी दिवस ते तारा वळवून जागेवर बसवत गेले आणि रोशनबी ऐकत गेल्या.

हिवाळ्यात अॅम्प्लिफायर पुरा झाला. वाल्व्ह लालसर झाल्यावर रिझवानभाईंनी गिटार मांडीवर घेतली आणि जुनी सुरावट छेडली. जाड तारा ऐकू आल्या, लांबून आल्यासारख्या. बारीक तारांवर बोटं चालत होती, पण तिथून काहीच येत नव्हतं. ज्यासाठी एवढं मांडलं, ते फाटणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांनी आवाज वाढवला, उजवा कान स्पीकरला लावला, मग मागे सरले आणि तरीही वाजवत राहिले, कारण समोर रोशनबी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

सुरावट संपल्यावर रोशनबींनी जवळ येऊन, त्यांच्या उजव्या कानाशी विचारलं, "तेव्हाही असंच वाजायचं?"

आत्ता कसं वाजलं, हे रिझवानभाईंना धड ऐकूच आलं नव्हतं.

"असंच," ते म्हणाले.

"मग मला कधी का नाही ऐकवलंत?"

रिझवानभाईंनी सुरावट पुन्हा सुरुवातीपासून छेडली.

दोन वर्षांनी उजवा कानही गेला. वाल्व्ह तापेपर्यंत थांबायचं असतं, हे रोशनबींना आता ठाऊक झालं होतं. शुक्रवारी दुपारी त्या स्वतःच बटण दाबत आणि तयार झालं की रिझवानभाईंच्या खांद्यावर हात ठेवत. मग ते वाजवत, आणि बारीक तारांवर आले की नजर वर करून, सूर फाटला का ते रोशनबींच्या चेहऱ्यावर बघत.