कुंकवाखालचा आकडा

कॉम्प्युटरला देव मानणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालो, म्हणून हक्कानं बोलतो. पडद्यावर परवानगी विचारणारी चौकट आली की आमच्या भूम गावचे लोक ती वाचत नाहीत, दारात आलेलं कुत्रं हाकलावं तशी हाकलतात.

आईचा रक्तदाब तपासायला मी तिला ज्या दवाखान्यात न्यायचो, तिथल्या डॉक्टरांनी नवं खूळ आणलं होतं. यंत्रं दोन, एक बाहेरच्या खाटेपाशी, एक आतल्या. पट्टा दंडाला बांधला की आकडा ब्लूटूथनं थेट वेबसाइटच्या पानावर. खरं तर सोय शहाण्या माणसानं केलेली होती. पान आपल्या मनानं कुठल्याच यंत्राला हात लावत नसे. जवळच्या यंत्रांची यादी दाखवून आधी विचारायचं, यातलं कुठलं जोडू? नावं सारखीच, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. तो यंत्राच्या पाठीवरच्या चिठ्ठीशी ताडून बघायचा आणि मग परवानगी द्यायची. माणसाकडं एवढंच काम ठेवलेलं.

पण नुकतीच खंडेनवमी झाली होती. कंपाउंडरनं दोन्ही यंत्रांची पूजा केली होती आणि नेमकं चिठ्ठीवर ओलं हळदीकुंकू थापलं होतं.

"पुसा ते," मी म्हणालो.

"पूजेचं हाय सर, पुसत न्हाईत. वरचं नाव दाबा, वरचंच आसतंय." त्याचे हात मलमानं भरलेले, म्हणून त्यानं कोपरानं माऊस माझ्याकडं सरकवला.

असल्या अडाण्याच्या नादी कोण लागणार? मी वरचं नाव दाबलं.

पानावर एकशे अठरा उमटलं. बाहेरच्या खाटेवर बसलेल्या आईनं तिच्या दंडाला जोडलेल्या यंत्राच्या इवल्या पडद्याकडं बोट केलं. "आरं, हितं तर एकशे नव्वद दिसतंय की."

"तुला काय कळतंय त्यातलं? कॉम्प्युटरवर बघ," मी म्हणालो आणि कंपाउंडरकडं बघून हसलो. डॉक्टरांनी आत बसल्या बसल्या पान बघितलं आणि तिची गोळी निम्मी केली. तिच्या तोंडाकडं बघायची त्यांनाही गरज वाटली नाही.

एकशे अठरा आतल्या खाटेवरच्या तरण्या गड्याचं होतं. हे कळलं चौथ्या दिवशी, आईचा उजवा हात लुळा पडल्यावर आणि वाचा गेल्यावर. त्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन ओल्या बोळ्यानं कुंकू पुसलं. कुणी अडवलं नाही. खालचा आकडा स्वच्छ छापलेला होता. मला स्वतःची शिसारी आली.

आई जगली. दिवसभर मला काहीतरी सांगत असते, पण शब्द फुटत नाहीत. मला एक अक्षर कळत नाही, तरी मी "व्हय, व्हय" म्हणत मान हलवतो. काल तसंच म्हणालो, तर ती बोलायची थांबली, माझ्याकडं बघत राहिली आणि डाव्या हातानं तिनं माझा हात झटकला.