पेटी घेऊन गेलेली यमू

आमच्या आत्याच्या यजमानांइतकं वेळेवर पुस्तक परत करणारं माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरं झालं नाही, आणि आत्याचं ऐकाल तर याच एका गुणापायी तिच्या जिवाला जन्माचा घोर लागला. आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. मूळचे मोडनिंबकडचे, तरुणपणी सोलापुरात आले, गिरणीत मागावर उभे राहिले आणि गिरणीच्या वाचनालयातली पुस्तकं वाचता वाचता म्हातारे झाले. स्वतःचं असं पुस्तक मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. ऐपत नव्हती म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. "इकत घेतलेलं पुस्तक कपाटात झोपतंय," ते म्हणत, "मागून आणलेलं माणसाला झोपू देत न्हाय." आणलेल्या पुस्तकाला आधी वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं, पान दुमडणाऱ्याचा उद्धार व्हायचा आणि मुदत संपायच्या आतच पुस्तक परत जायचं. का, तर कुणीतरी खोळंबलं असेल. हा 'कुणीतरी' आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण त्या घरात त्याचा मान जावयापेक्षा जास्त होता.

आत्याला अक्षरओळख नव्हती. ती दारात बसून विड्या वळायची आणि मामा तिला वाचून दाखवायचे. असंच एकदा त्यांनी एक जाडजूड कादंबरी आणली. तिचं वरचं पुठ्ठ्याचं पान गेलेलं, पहिली काही पानंही गेलेली, त्यामुळे नाव काय, लिहिली कुणी, सगळाच आनंद. तिच्यातली यमू लग्नाच्या आदल्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन घराबाहेर पडते. आत्याचा हात विडीवरच थांबला. आणि नेमकी तिथे पुस्तकाची मुदत भरत आली. आठवड्यानं परत आणू की, म्हणून मामा पुस्तक देऊन आले; त्याच आठवड्यात गिरणी बंद पडली, वाचनालयाला कुलूप लागलं आणि पुस्तकं कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. "पोरगी भर उन्हात पेटी घिऊन भाईर पडलीया, आन् तुमी बुक दिऊन आलाव!" आत्याचं हे गाऱ्हाणं पुढं सगळ्या संसाराला पुरलं. भाकरी थापता थापता मध्येच तिचा हात थबकायचा. "कुटं गेली असंल वो ती?" लहानपणी मला वाटायचं, यमू म्हणजे आमच्यातलीच कुणी हरवलेली बाई. एका पाहुण्यानं तर पोलिसांत वर्दी दिली का म्हणून विचारलं होतं.

एका दिवाळीला मी पुण्याहून माझा जुना टॅब नेला आणि मामांना इंटरनेटवरचं फुकट वाचनालय दाखवलं. जुन्या पुस्तकांची पानंन् पानं स्कॅन करून ठेवलेली. घरबसल्या नाव नोंदवायचं, पंधरवड्यासाठी पुस्तक घ्यायचं. एका प्रतीला एकच वाचक, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. मामांचा पहिला प्रश्न, उशीर झाला तर? मी म्हटलं, उशीर होतच नाही, मुदत संपली की पुस्तक आपलं आपण परत जातं. त्यांचा चेहराच उतरला. "मग मानसानं करायचं काय?" तरीही त्यांनी त्यातून मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी टॅबला वर्तमानपत्राचं कव्हर बसलं. रोज पाच वाजता हातपाय धुऊन, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून ते आत्याला सांगायचे, "वाचनालयात जाऊन येतो," आणि दारासमोरच्या ओट्यावर जाऊन बसायचे. चपला ओट्याखाली. पान उलटायला बोट जिभेला लागायचंच; मग आत्या पदरानं टॅब पुसायची. हवं ते पुस्तक दुसऱ्या कुणाकडे असलं तर त्यांना राग यायचा नाही, उलट कौतुक वाटायचं. आणि पुस्तक परत केलं की शेजारी सांगून यायचे. शेजारच्या तेलुगू वहिनींना मराठी पुस्तकांचं काय सोयरसुतक? पण त्याही माग थांबवून "बरं झालं" म्हणायच्या.

यमूचा शोध मात्र सोपा नव्हता. पुस्तकाचं नावच माहीत नाही तर शोधायचं कसं? मामांनी आपला एक रस्ता धरला. दिसेल ती जुनी कादंबरी घ्यायची, चाळायची, यमू नाही दिसली की पाच मिनिटांत परत. एकदा त्यांचा फोन आला, "यमुना गावली, पर ही नदी निघाली." असं किती महिने चाललं कोण जाणे. मग एके दिवशी फोनवर नुसतंच, "गावली." मी विचारलं, नाव काय हो पुस्तकाचं? ते म्हणाले, नाव बघायला सवड कुणाला आहे, पेटी ओळखली मी.

मग रोज दुपारी एक प्रकरण. यमू दूरच्या गावी शाळेत मास्तरीण झाली होती. आत्या म्हणाली, "खाऊनपिऊन सुकी हाय न्हवं? मग झालं." पण समाधान कुठलं, आता ती माहेरी कधी येते याचा घोर सुरू झाला. शेवटून दुसऱ्या प्रकरणात यमू तीच पेटी घेऊन घराकडे निघाली, आणि आत्याचं भलतंच सुरू झालं. "आज ऱ्हाऊ द्या. संपंल की वो." दुसऱ्या दिवशीही तेच. मामांनी जोर केला नाही. आणि त्या आजचं उद्या होण्यातच आत्या गेली. साधी सर्दी म्हणता म्हणता गेली. मला अजून कुणाच्या घरी भाकरी थापायचा आवाज आला की पुढचं "कुटं गेली असंल वो ती?" ऐकू येतंय असं वाटतं.

त्यानंतर मामांनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. मुदत संपली की तेच पुस्तक पुन्हा घ्यायचे. उघडायचे नाहीत, नुसतं घेऊन ठेवायचे. पुस्तकाचं नाव मी त्यांच्या टॅबवर पाहून ठेवलं होतं; पुण्यात कधी आठवण झाली की इंटरनेटवरच्या त्या वाचनालयात त्याची नोंद उघडून बघायची. पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे आहे, असं दिसायचं. बरं वाटायचं. यमूला सांभाळणारा दुसरा वाचक जगात कोण असणार? एका दुपारी मलाच ती कादंबरी वाचावीशी वाटली आणि काही विचार न करता मी रांगेत नाव लावलं. संध्याकाळी निरोप हजर: पुस्तक तुमच्यासाठी मोकळं झालं आहे. मामांनी पुस्तक सोडलं, म्हणजे त्यांचं काही बरंवाईट तर नाही? फोन लावला तर मामा व्यवस्थित होते.

"परत दिलं गं," ते म्हणाले. "रांगेत एक मानूस हुबं हाय म्हनून दिसलं. मग कसं ठिवायचं?"

"मामा, ती मीच."

 मग ते हसले. आत्या गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलंच नव्हतं. "म्हंजी ते कुनीतरी तू व्हय!" आणि लगोलग, "मग वाच की. शेवटचं तेवढं मोठ्यानं वाच. मला एकट्याला वाचवंना झालंय."

मी वाचलं. पलीकडून शेजारच्या मागाची खडखड येत होती, मग तीही थांबली. यमू उंबऱ्याशी येते, पेटी खाली ठेवते, आतून आई विचारते, कोण आहे, आणि तिथे पुस्तक संपतं. मामांनी सगळं नीट ऐकलं होतं, तरी त्यांनी विचारलं,

"आली का गं घरी?"

"आली, मामा."

"बरं झालं," ते म्हणाले. मग नेहमीच्या सुरात, "आता परत दे. कुनीतरी खोळंबलं असंल."