वाल्टरभाऊंच्या दारात

या ग्रुपवर कुणी पांढऱ्या साडीतल्या बाईची पोस्ट टाकली की खाली पहिली खवचट कमेंट माझी असते. त्यामुळे आज मीच लिहितेय म्हटल्यावर काही जण हसतील... हसा. भूतबीत मी अजूनही मानत नाही. पण हे डोक्यात कुठे ठेवायचं तेही कळत नाही.

मी टेक्सासला, प्लेनोत राहते. माझा मोठा भाऊ, दादा, ॲरिझोनात फिनिक्सजवळ, चँडलरला. गेल्या उन्हाळ्यात त्याने आईला नागपूरहून बोलावून घेतलं — जुलैत. मी सांगून थकले की अरे, ऑक्टोबरमध्ये बोलव. पण शाळा बंद, मुलं घरी, दोघांच्या नोकऱ्या... आईसारखी सोय दुसरी कुठे मिळणार? वर आमच्या घरातला ठरलेला डायलॉग होताच, "आपण नागपूरचे लोक, आपल्याला उन्हाचं काय?"

नागपूरचं ऊन मलाही माहीत आहे. दारं-खिडक्या लावून, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत आम्ही दुपारी काढल्यात. पण तिथे हाक मारली की शेजारीण ओ देते. चँडलरला दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि एसी बंद पडला की बघता बघता घराची भट्टी होते.

तो बंद पडलाच. कंपनी म्हणाली, माणूस उद्या बारा ते चारमध्ये येईल, घरी कुणीतरी मोठं हवं. रात्री सगळे एका मित्राकडे झोपायला गेले. सकाळी मुलं तिथेच राहिली आणि आईला मात्र परत त्या घरात आणून बसवलं. दादाला मीटिंग, वहिनीलाही मीटिंग. "एसीवाला आला तरच दार उघड, दुसऱ्या कुणालाही नाही," असं बजावून दोघं गेले. आईने मला फोनवर हसत सांगितलं, "काही होत नाही बापा, खिडकीला ओली चादर लावते." ती खूश होती, आपला काहीतरी उपयोग होतोय म्हणून. मला इतका संताप आला होता की मी फोन ठेवून दिला.

एसीवाला आलाच नाही.

शेजारी वॉल्टर नावाचे सत्तरीचे गृहस्थ राहतात, एकटेच. आई त्यांना वाल्टरभाऊ म्हणते. ना तिला त्यांचं इंग्लिश कळत, ना त्यांना तिचं मराठी. पण रोज सकाळी ते गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि ती दिसली की हातानेच विचारायचे, पाणी प्यायलात का? एकदा ती त्यांना कैरीचं पन्हं देऊन आली होती. ओळख म्हणाल तर एवढीच.

त्या दुपारी काय झालं ते वॉल्टरनी मला स्वतः सांगितलं. बेल वाजली म्हणून त्यांनी दार उघडलं. समोर आई. तापलेल्या सिमेंटवर अनवाणी उभी. ते म्हणाले, "मॅम, युअर फीट." ती त्यांची बाही धरून ओढत निघाली. दादाच्या दारापर्यंत ती ओढ त्यांना जाणवत होती... मग बाही सुटली. बघतात तर शेजारी कुणी नाही. समोरचं दार आतून बंद; साखळीही लावलेली होती, ती त्यांना नंतर आत गेल्यावर दिसली. मागे जाऊन पाहिलं तर तेही दार आतून लावलेलं. काच फोडून ते आत शिरले, तेव्हा आई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती, बेशुद्ध. त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली.

संध्याकाळच्या फ्लाइटने मी पोचले. डॉक्टर म्हणाले, सापडली त्याच्या बऱ्याच आधीपासून ती बेशुद्ध असणार, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. मग नर्सने चादर वर करून तिचे तळवे दाखवले. फोडच फोड. ही बाहेर अनवाणी चालली होती का, असं तिने विचारलं.

वॉल्टरच्या बेलला कॅमेरा आहे. तो व्हिडिओ मी पाहिलाय. ते दार उघडतात, खाली बघून बोलतात, आणि एक हात पुढे ताणून चालायला लागतात. समोर कुणीही नाही.

"अगं, इतक्या हीटमध्ये कॅमेरे ग्लिच होतात यार," दादा म्हणाला. इंजिनिअर ना तो.

"आणि आईच्या पायाचे फोड? तेही ग्लिच?"

त्याला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तो बाहेर गेला. बरं झालं, नाहीतर मी आणखी बोलले असते.

आई वाचली. चक्कर आली, ओट्याला धरलं, यापुढचं तिला काही आठवत नाही. "बाहेर कशी जाईन गं? दादा म्हणाला होता ना, दार सोडू नको."

डॉक्टरांना विचारलं, ओळखीच्या दोन शहाण्या माणसांना विचारलं, रात्र-रात्र गूगल केलं. हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही. पण मला दुसरंच काहीतरी खात होतं. बंद दारातून ती बाहेर पडू शकली, तर मग दादाचं ऑफिस काय लांब होतं? प्लेनो तरी काय लांब होतं? पोटची दोन मुलं सोडून ही परक्या माणसाच्या दारात का गेली?

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर, पायांना मलम लावताना, मी तिला सगळं सांगितलं आणि हेही विचारलं. तिने जरा विचार केला. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता.

"तुम्ही कामात असता ना गं," ती म्हणाली. "त्यांना वेळ असतो."