गप्प बसणारी दुभाषी

माझी मुलगी दीप्ती जपानीची दुभाषी आहे. आमच्या मालवणी घरात सगळे एकाच वेळी बोलतात, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा!

परवा अंधेरीच्या आमच्याच कारखान्यात तिला बोलावलं होतं. मी तिथे लेथवर काम करतो. मालक साठ्येसाहेबांनी आमचा व्हॉल्व्ह जपानी पाहुण्यांपुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, डोळे मिटले आणि गप्पच झाले. साहेबांना घाम फुटला.

"नाही आवडला वाटतं! दीप्ती, सांग त्यांना, दुसरा बनवून देतो!"

"थांबा सर, ते विचार करतायत," ती हळूच म्हणाली. "आत्ता बोललो तर आपलाच आपल्या मालावर विश्वास नाही, असं वाटेल त्यांना."

साहेब चुळबुळत राहिले. दारात उभं राहून मलाही ओरडावंसं वाटत होतं, अरे, बोला ना काहीतरी! ती मात्र शांत बसली होती.

शेवटी पाहुण्यांनी डोळे उघडले आणि काहीतरी म्हणाले.

"हाच हवा म्हणतायत," दीप्ती म्हणाली. "आणि ज्यांनी बनवला, त्यांना भेटायचंय."

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. पाहुणे उठून माझ्यापुढे कमरेत वाकले.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना. दीप्तीनेही मला बोलायची घाई केली नाही.